गंगूने धाडलेला कौल

गंगू खवणेकरणीचा आवाज ज्याने ऐकला नाही असा माणूस आमच्या वाडीत सापडायचा नाही. सापडलाच तर तो बहिरा तरी असेल, नाहीतर कालच बदली होऊन आलेला सरकारी नोकर. सकाळी मालवणच्या बाजारात ती पाटी उतरवून पहिला शब्द टाकायची, की शेजारच्या बाया आपापला भाव मनातल्या मनात दुरुस्त करून घ्यायच्या. एकदा कुणा साहेबाच्या बायकोने नाकाला पदर लावून विचारलं, "बांगडे ताजे आहेत ना?" गंगूने एक बांगडा उचलला, त्याचे कल्ले उघडून बाईंच्या डोळ्यांसमोर धरले आणि म्हणाली, "बघा, तुमच्या टिकलीपेक्षा लाल आसत. टिकली कधीची ती तुमका ठावक." बाईंनी दोन डझन बांगडे घेतले. न घेऊन जातात कुठे!

ह्याच गंगूची बोलती कशी बंद झाली, ती गजाल सांगतो. तिच्या कानावर गेलं तर माझी धडगत नाही, पण तिला वाचता येत नाही आणि वाडीतल्या कुणाची तिला वाचून दाखवायची छाती नाही, म्हणून लिहितो आहे.

घोव, म्हणजे नवरा, तापाने गेला तेव्हा गंगू चौतीस वर्षांची आणि अजय सात वर्षांचा. माहेरच्यांनी बोलावलं, तर म्हणाली, "माझे माड हयसर, माझी पाटी हयसर, मी खंय जावू?" पोराला तिने मासे विकून दहावीपर्यंत शिकवलं. पोरगा बापावर गेलेला, कमी बोलणारा. तसा त्या बिचाऱ्याला वाव तरी कुठे होता? घरात माणसं दोन, आणि दोघांचं बोलणं एकीनेच अंगावर घेतलेलं. "अजयाक सुंगटा आवडतत," "अजयाक मुंबयक जावचा नाय," "अजयाचा पोट दुखता." अजय शेजारी उभा असायचा आणि त्याची मतं आम्हाला गंगूकडून कळायची. तो मान हलवायचा. ती मान 'होय'ला हलते की माशी हाकलायला, ह्याची चौकशी कधी कुणी केली नाही.

दोन हजार पाच सालची दिवाळी झाली आणि किल्ल्याच्या आडोशाला एक पांढरी शिडाची बोट येऊन उभी राहिली. आमच्याकडे शिडं आता विसरायला झाली होती, जो तो इंजिनवाला. हे हॉलंडचं जोडपं, यान आणि मारिके, दोघंही साठीपुढची. घर विकून बोटीवर राहायला आलेली, वारा नेईल तिकडे जाणारी. वाडीतल्या बायकांनी ठरवून टाकलं की ह्यांना पोरांनी घराबाहेर काढलं. दोन दिवस हळहळ चालली. एकीने तर तांदळाच्या भाकऱ्या आणि तिखलं डब्यात घालून पाठवलं. ते खाऊन यान बराच वेळ पाण्यात तोंड धरून बसला होता, असं ऐकतो.

त्यांच्या सुकाणूत कुणाचं तरी फाटकं जाळं गुंतलं होतं. अजय सुरी दातांत धरून बुडाला आणि तासाभरात त्याने ते मोकळं केलं. यानला पोरगा भावला. "आमच्याबरोबर सेशेल्स बेटांपर्यंत चल, तिथून विमानाने परत पाठवतो," म्हणाला. पासपोर्ट होईपर्यंत ते गोव्यात थांबले. गंगूने सगळ्यांना सांगितलं, "अजयाक जग बघूचा आसा." फेब्रुवारीत अजय गेला.

आता फोनची गोष्ट. बाजाराच्या तोंडाशी निकेतचं दुकान. झेरॉक्स, लॅमिनेशन, एस.टी.डी. आणि इंटरनेट, सगळं एका खोलीत. निकेत तिशीचा, पुण्याला कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, आणि ते तो कुणाला विसरू देत नसे. दुकानाबाहेर बाक आहे आणि त्या बाकावर आम्ही चार म्हातारे. म्हणजे वाडीतून परदेशात जाणारा शब्द आमच्यावरूनच जायचा.

बोटीवर उपग्रहाचा फोन होता. मालदीवजवळून अजयने तो एकदा लावला. त्या फोनला एक खोड होती. इथून बोललेलं तिकडे पोचायला आणि तिकडचं इथे यायला दोन-तीन सेकंद लागायची. गंगू आणि थांबणार?

"जेवलंस?" गंगूने विचारलं. लगेच दुसरा प्रश्न, "ताप बीप इल्लो काय रे?"

तिकडून आवाज आला, "होय."

"आवशीक खाव! कधी इल्लो?"

"आताच. माशे-भात," अजय म्हणाला.

फोन तुटला. गंगू दोन दिवस पोराला आत्ताच ताप आलाय म्हणून रडत होती. शेवटी निकेतने कागदावर बाण काढून दाखवलं की कुठलं उत्तर कुठल्या प्रश्नाचं, तेव्हा ती गप्प झाली, आणि मग त्या फोनलाच शिव्या देत बसली.

पुढे अजयने ईमेलने नियम कळवले. इंग्रजी अक्षरांत मालवणी लिहायचा तो, निकेत वाचून दाखवायचा. 'आये, फोन महाग आणि कटकटीचो. तू निकेताक सांगून कागद लिही. मालक दिवसातून एकदा धा मिन्टा यंत्र चालू करता, तेव्हा कागद येतत, आमचे जातत. थोडक्यात लिही. फक्त अक्षरां. फोटो धाडू नको, फोटो जड असता.' गंगूने मान डोलावली. फोटो नाही. कळलं. फोटो काढायला तिच्याकडे कॅमेरा तरी कुठे होता?

तेवढ्यात रसिका मध्ये आली. म्हणजे ती आधीपासूनच मध्ये होती, आम्ही बाकावरचे ते जाणून होतो. सहदेव मयेकराची मुलगी, शिवणक्लासला जाणारी, सावळी, नीटस. गंगू तिला चांगली मासळी अर्ध्यात द्यायची. गंगूने कुणाला काही अर्ध्यात दिलं, तर त्यामागे सोयरीक असणार हे सांगायला ज्योतिषी नको. "अजयाक रसिका पसंत आसा," असं गंगूने सगळ्यांना सांगून ठेवलेलं. रसिकाही अजयचं नाव निघालं की पाटीतले मासे उगाच उलटेसुलटे करून बघायची.

शिमगा संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी सहदेव गंगूच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, आला. मुलीला नांदगावचं स्थळ आलं होतं. मूळ आचऱ्याचे लोक, नांदगावात स्टेशनाजवळ दुकान. मुलगा नितेश मुंबईला कंपनीत. मुलगी बघायला आला तेव्हा खिशात मोबाईल, आणि पोहे संपेपर्यंत तो चार वेळा वाजला. सहदेवला त्या वाजण्याचंच अप्रूप. कारण त्याचा थोरला भाऊ धोंडू मुंबईहून मालवाहू जहाजावर गेला, दोन वर्षं पत्रं आली, मग पत्रं थांबली. धोंडूची बायको अजून सहदेवच्याच घरात आहे, दारात कुणी सायकल लावली तरी उठून बघते.

"गंगू, माझ्या घरात एक बाय वाट बघून म्हातारी झाली. दुसरी नको. अजय बरो झील आसा, माका नाय म्हणूचा नाय. पण तेच्या तोंडचो एक होकार होयो. फोनार सांगूदे, कागदार लिहूदे. पाडव्यापर्यंत मी नांदगावकारांका थांबवतंय."

"अरे, मी सांगतंय ना तुका! अजय होय म्हणता!"

"तुझो नको," सहदेव म्हणाला. "तेचो."

पाडव्याला चौदा दिवस होते. अजयची बोट मालदीवच्या शेवटच्या बेटावरून सुटून सेशेल्सच्या वाटेवर लागलेली, मध्ये दोन आठवडे पाण्याशिवाय काही नाही. पण रोज दहा मिनिटं यंत्र चालू होणारच होतं. एक पत्र जायचं, एक यायचं. एवढंच काम.

आमच्याकडे कामाची सुरुवात कशी करतात, ते परगावच्यांसाठी सांगतो. काही मोठं ठरवायचं तर आधी देवाला विचारतात. गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, मोठ्याने गाऱ्हाणं घालतो, आणि मग सगळे श्वास धरून बघत बसतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर घरी जायचं. हा कौल. गंगूने विचारलं, "अजयाचो नि रसिकाचो योग आसा काय?" जास्वंदीची उजवी पाकळी अशी टपकन पडली, की गुरवालाही आश्चर्य वाटलं. गंगूने ती पाकळी आणि अक्षता केळीच्या पानात बांधल्या, आणि देवळातून तशीच निकेतच्या दुकानात आली.

"निकेत, ह्यो धाड."

"काय ता?"

"देवाचो कौल. उजवो."

"काकी, अजयान फोटो धाडू नको म्हणान सांगल्यान ना?"

"ह्यो फोटो? फोटो माणसाचो असता रे. ह्यो कौल आसा."

निकेतने आमच्याकडे बघितलं. आम्ही आभाळाकडे बघितलं. तो म्हणाला, "बरा, मगे आधी सहदेवकाकाचा पत्र धाडूया, कौल मागसून."

"देवाच्या आधी मी उलवू? मी तोंड उघडू? तुझ्या घरात नैवेद्याच्या आधी पानार बसतत काय रे?"

ह्यावर पुण्याच्या कोर्सातही उत्तर शिकवलेलं नव्हतं. निकेतने स्कॅनरची काच पुसली, खिशातल्या रुमालाने पुन्हा पुसली, वर पान ठेवलं, पाकळी सरळ केली. यंत्राला विचारलं जातं म्हणे, चित्र किती स्वच्छ हवं. निकेतने सगळ्यात वरचं बटण दाबलं. देवाचं काम हलकं कसं करणार? पडद्यावर पाकळी अशी उमटली, की तिच्या शिरा मोजून घ्याव्यात. अक्षतेचा एक दाणा तुटका होता, तोही दिसला. गंगूने पडद्याला हात जोडले. आम्हीही चपला काढल्या.

ते धाडायला अर्धा दिवस गेला. दुकानाची फोनलाईन तीनदा तुटली, चौथ्यांदा गेलं. "देवान मनावर घेतल्यान," गंगू म्हणाली. मीही मान डोलावली, खोटं कशाला सांगू? त्यामागोमाग तिचं पत्र गेलं. निकेतने इंग्रजी अक्षरांत उतरवलं: 'अजया, रसिकाक नांदगावचा स्थळ इला. सहदेव पाडव्यापर्यंत थांबता. तुका ती होयी काय ता तुझ्या तोंडान लिही. लगेच लिही. तुझी आवस.'

दुसऱ्या दिवशी उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी नाही. गंगू बाजार आटोपून थेट दुकानात यायची, रिकामी पाटी दाराशी उपडी घालायची आणि तिच्यावर बसायची. "इला?" "नाय इला." मग आणखी एक पत्र. 'अजया, लिही रे.' मग आणखी एक. चौथ्या-पाचव्यात तिने त्याच्या बापाची शपथ घातली. बाकावर आम्ही तर्क लढवत होतो. बाबली पराडकर म्हणाला, पोराला बोटीवर एखादी गोरी भेटली असेल. मी म्हटलं, बोटीवर गोरी एकच आणि ती बासष्ट वर्षांची. गंगूने आतून ऐकलं. तिने मला काय म्हटलं ते इथे लिहिता येत नाही.

आठव्या दिवशी पत्र आलं. निकेत ओरडला, गंगू आत धावली, आम्हीही गुडघे धरत आत गेलो. निकेत मोठ्याने वाचू लागला:

'आये, मी बरो आसय. वारो पडलो, बोट जाग्यार नाचता. आठ दिवस आमका कोणाचो एकव कागद नाय. कोणा गाढवान लय जड कायतरी धाडल्यान, ता दारात अडकला. धा मिन्टात अर्धा येता, यंत्र बंद पडता, दुसऱ्या दिवशी परत पयल्यापासून. मागचे सगळे कागद तेच्या पाठसून रवलेत. हवामानाचो कागदव येना नाय, मालक चिडलो आसा. आमचे जातत, तुमचे पोचनत नाय. तू काळजी करू नको. धोंडूकाकाच्या बायलेक नि सगळ्यांका नमस्कार. रसिका दिसता काय गो?'

शेवटची ओळ निकेतने पुन्हा एकदा वाचली.

"गाढव कोण?" गंगूने विचारलं.

निकेत रुमाल काढून स्कॅनरची काच पुसू लागला. मग तिला कळलं. मी तिला पंचवीस वर्षं ओळखतो. नवरा गेला तेव्हाही तिच्या तोंडाला खळ नव्हती. त्या दिवशी ती पाटीवर बसली आणि पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली.

"काढ तो कौल परत," ती हळूच म्हणाली.

"काढूक येना नाय काकी. गेलो तो गेलो. त्यांच्या पेटीची चावी माझ्याकडे नाय."

"मगे देवाक सांगून..."

तिने वाक्य पुरं केलं नाही. देवाला सांगायचं काय? तूच वाटेत उभा आहेस, जरा बाजूला हो?

मग सगळे उपाय झाले. उपग्रहाच्या फोनचा नंबर अजयने दिलेला होता. निकेतने तो लावला. लांबलचक आकडे दाबून झाल्यावर एक बाई गोड आवाजात इंग्रजीत काही सांगू लागली. गंगूने त्याच्या हातातून रिसीव्हर ओढला. "गो बाये, माझ्या झिलाक बोलाव गो! अजय म्हणान! पांढरी बोट!" बाई तेच पुन्हा सांगत राहिली. "अगो, ऐक तरी! मी काय तुझ्या घोवाक मागतंय?" निकेतने सांगितलं की ती बाई खरी नाही, तिचा नुसता आवाज भरून ठेवलाय, फोन बंद आहे एवढंच ती सांगते. गंगू म्हणाली, "बंद आसा तर उचलता कशाक?" आणि आम्हाला हसू आलं. ती हसली नाही. दिवसातून पाच-पाच वेळा लावून पाहिलं. ती दहा मिनिटं कधी सापडली नाहीत. सापडली असती तरी त्या वेळात यंत्र पाकळी ओढत बसलेलं.

एके दुपारी रसिका आली. गंगू खळ्यात सुकायला घातलेले बांगडे उलटत होती. मी पलीकडच्या कुंपणाशी होतो. मुद्दाम नाही, माझी शेंगांची वेल तिथेच आहे.

"काकी, काय इला?"

"येतला गो. वायच कळ काढ. तेका तू होयी आसंस, माका ठावक आसा."

"तुमका ठावक आसा काकी. माका खंय ठावक?" रसिका म्हणाली. "माका तेना कधी सांगूक नाय. जाताना दारावरसून गेलो, मी बघलंय, तेना बघल्यान. बस. बापाशीक मी काय सांगू? बघल्यान म्हणान सांगू?"

"तुझ्याबद्दल विचारल्यान पत्रात. 'रसिका दिसता काय' म्हणान."

पोरीचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. "हो, पण ता कोणव विचारता," ती म्हणाली. थोडा वेळ तीही बांगडे उलटत बसली. सगळे झाले तरी दोघी उठेनात. झालेलेच पुन्हा उलटत होत्या.

आता माझा कबुलीजबाब. पाडव्याच्या आदल्या दिवशी बाकावर मीच विषय काढला. निकेतला म्हटलं, तुझ्या यंत्रातून एक पत्र काढ अजयच्या नावाचं. 'मी होय म्हणतंय' एवढी एक ओळ. कागदावर छापलं की ते बोटीवरून आलं काय आणि इथून निघालं काय, सहदेवला काय कळतंय? निकेत आधी नको म्हणाला, मग म्हणाला येईल करता. आम्ही गंगूकडे पाहिलं. मला वाटलं ती उडी मारेल. आयुष्यभर अजयच्या वतीने तीच बोलत आली होती. एक ओळ आणखी.

तिने डोक्यावरची चुंबळ उलगडली, पुन्हा गुंडाळली. मग म्हणाली, "आणि तो नाय म्हणालो तर?"

"अगो, तूच म्हणतंस ना तेका पसंत आसा?"

"म्हणतंय मी," गंगू म्हणाली. "तेका विचारूक खंय गेलंय मी?"

मग तिने पाटी उचलली आणि घरी गेली.

पाडव्याच्या सकाळी सहदेव आला. अंगात धुतलेला सदरा, नांदगावला जायला निघालेला, पण आधी वाट वाकडी करून गंगूच्या दारात. गुढी उभारून झाली होती. "काय इला?" त्याने विचारलं. त्याच्याही मनात ते यावं असंच होतं, हे मी शपथेवर सांगतो.

"नाय इला," गंगू म्हणाली. "मीच अडवून ठेवलंय."

सहदेवला ते कळलं नाही. त्याने चपलेने खळ्यातली वाळू सारखी केली, आणि तो गेला. दोन दिवसांनी रसिकाचा साखरपुडा झाला. गंगूला आमंत्रण होतं. ती गेली, पानावर बसली, जेवली. नितेशचा मोबाईल वाजला तेव्हा सगळ्या बाया कौतुकाने बघत होत्या, गंगूही बघत होती. संध्याकाळी ती निकेतकडे आली आणि तिने सहावं पत्र सांगितलं. निकेत म्हणाला, "काकी, पोचूचा नाय." ती म्हणाली, "लिही तू." निकेतने लिहिलं. त्या आधीच्या पाचांच्या मागे जाऊन ते रांगेत उभं राहिलं.

त्यानंतर पाच-सहा दिवसांनी, भर दुपारी, निकेतच्या दुकानातला फोन वाजला. सेशेल्सहून अजय. किनाऱ्याला लागले होते. निकेत धावत जाऊन गंगूला बाजारातून घेऊन आला. ती मासे शेजारणीवर टाकून आली. निकेतने बटण दाबून आवाज मोठा केला, म्हणून आम्हालाही ऐकू आलं.

"आये! मी हय कॉम्प्युटरवर बसलंय. सगळे कागद एकदम इले गो! पयलो देवाचो कौल इलो. तू धाडललंस?" तो हसत होता. "मालकाक सांगूचंय नाय मी. उजवो आसा ना?"

"उजवो आसा," गंगू म्हणाली.

"तुझो पयलो कागद वाचलंय आणि लगेच फोन लावलंय. आये, सहदेवकाकाक सांग. मी होय म्हणतंय. माका रसिका होयी. मी जातानाच सांगणार होतंय तुका, पण..." तो अडखळला. एवढं सलग बोलायची त्याला सवय नव्हती. "पण तू उलय होतंस. आता सांगलंय. तेका सांग, अजयान आपल्या तोंडान सांगल्यान. पाडवो होवन आठवडोच झालो ना? चलात ना?"

गंगूने तोंड उघडलं. काही आलं नाही. आम्ही चौघे तिच्या तोंडाकडे बघतोय, निकेत बघतोय, दारात झेरॉक्सला आलेला एक मास्तर उभा, तोही बघतोय. बाईने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता.

"आये? आसंस?"

"आसंय," ती म्हणाली. "फुडले कागद वाच."

"फुडले मगे वाचतंय. तू आधी..."

"सहावो वाच, अजया. मी हय आसंय. तू वाच."

बेटावरच्या त्या दुकानातली माणसं आपल्या भाषेत काहीतरी बोलत होती, कुणाची तरी खुर्ची सरकली. सहाव्या पत्रात काय होतं ते निकेतने मला नंतर सांगितलं. तीन ओळी होत्या. 'रसिकाचो साखरपुडो झालो. नांदगावचो झील बरो आसा. चेडू बरा दिसला.' चेडू म्हणजे आमच्याकडे पोरगी.

"आये," अजय म्हणाला. "बरा दिसला म्हणान कित्याक लिवलंस?"

"दिसला म्हणान लिवलंय."

मग तो म्हणाला की यान-मारिके पुढे मादागास्करला निघालेत, तिथून खाली आफ्रिकेला. त्यांना त्याने बरोबर यावं असं वाटतंय. विमानाचं तिकीट अजून काढलेलं नाही. "जावू?" त्याने विचारलं.

गंगूने आमच्याकडे बघितलं. बाबली पराडकराने नजर वळवली. मीही. असल्या वेळी आमच्याकडून काय मिळणार होतं तिला?

"जा," ती म्हणाली.

"काय म्हणालंस? ऐकाक इला नाय."

तिने पदराच्या टोकाने रिसीव्हर पुसला, हाताची मासळी त्याला लागली होती, आणि पुन्हा एकदा सांगितलं.